पडक्या चर्चचा फोटो

पडक्या चर्चचा जुना फोटो पाहिला की वाटतं, इथली वस्ती उठली, श्रद्धाही गेली. हा समज खरा धरू नये, असं मी आग्रहाने म्हणेन.

चीनमधल्या तिआनत्सिन शहरात जून १८७० मध्ये जमावाने फ्रेंच चर्च आणि सिस्टरांचा मठ जाळला. सिस्टर पोरांचे डोळे काढून औषधात घालतात, अशी अफवा उठली होती. पुढच्याच वर्षी जॉन थॉमसन हा स्कॉटिश फोटोग्राफर तिथे पोचला आणि त्याने जळक्या वास्तूंचे फोटो घेतले. तेव्हा काचेला रसायन लावायचं, ती ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच काळोख्या तंबूत नेऊन धुवायची. उजेड घ्यायला बऱ्याचदा कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात समोरून गेलेला माणूस धुरकट उमटे, नाहीतर उमटतच नसे. भिंत तेवढी जागची हलत नाही. पडक्या जागा जुन्या फोटोंत निर्मनुष्य दिसतात, त्याचं हेही एक कारण.

आपल्याकडे वसईचा किल्ला घ्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला, पोर्तुगीज गेले, आतली चर्चं पुढे ओस पडली. मुंबईत डॉक्टरकी करणारे गोव्याचे जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईच्या इतिहासावर पुस्तक काढलं आणि त्यात सतरा फोटो घातले. नुसत्या भिंती पाहणाऱ्याला वाटेल, वसईचे ख्रिस्ती १७३९ लाच संपले. पण तटाबाहेरच्या गावांत उपासना चालूच राहिली. आज तिथे मिस्सा मराठीत होते, 'सुवार्ता' मासिक निघतं.

तरी हे फोटो मोलाचेच. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, दर्शनी भिंत १९३१ मध्ये. ती भिंत आता फक्त त्याआधीच्या फोटोंतच दिसते. तिथली घंटा मात्र १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे, आणि ते कुठल्या फोटोत दिसणार?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्यात पडकं काही नाही. मिशनचा दवाखाना चालू आहे, आसपासच्या पाड्यांवर रविवारी मावची, कोकणी आदिवासी माणसं प्रार्थनेला जमतात. भरलेल्या घराचा फोटो जपावा असं सहसा कुणाला सुचत नाही. तो आत्ताच काढावा, माणसांसकट, आणि कागदावर छापून घ्यावा. मागे नावं, पाडा आणि साल मऊ पेन्सिलीने लिहावं. शाई झिरपली तर चेहऱ्यांवर डाग पडतो.