आधी हात, मग प्रश्न
(शास्त्रभाग : मत्तय 14:22-33)



पेत्र पाण्यावरून चालला व वारा पाहून बुडू लागला, हा धडा आम्ही संडे स्कूलमध्ये कित्येक वर्षे शिकवीत आलो आहो. फळ्यावर मचवा काढायचा, लाटा काढायच्या आणि मुलांना सांगायचे, "पाहा, पेत्र भ्याला म्हणून बुडू लागला. तुम्ही भिऊ नका!" कोरड्या जमिनीवर उभे राहून हे सांगणे फार सोपे असते.

आम्ही बिदर जिल्ह्यातले, भालकी तालुक्यातले. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, मांजरा नदी आणि कारंजाचे धरण. लहानपणी पाठीला भोपळे बांधून पोहायला शिकताना दोरी सुटली आणि आम्ही गटांगळ्या खाल्ल्या. तेव्हापासून पाण्याचे भय मनात बसले ते बसलेच. गेल्या हिवाळ्यात मात्र भाच्याच्या आग्रहावरून मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेलो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात श्वासाची नळी, डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा, अशा थाटात तेथे नवशिके लोक समुद्राखाली उतरतात. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां या दोघांनी हे साधन बनविले. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आम्ही ते पाठीवर घेतले!

आधी प्रकृतीविषयी फॉर्म भरून घेतला, मग उथळ पाण्यात धडा झाला. पहिला नियम, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येताना दुपटीने फुगू पाहते. श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसाला इजा होते. दुसरा नियम, कान दुखण्याची वाट न पाहता नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे. तिसरा, खाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकायच्या. आंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. आंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर जाऊ या'. ही खूण कोणीही, केव्हाही करावी. त्यात लाज नाही, आणि सोबत्याने बरोबर वर यावे.

सारे समजले. पण मचव्याची दोरी धरून दोन-तीन मीटर खाली जातो न जातो तोच छाती धडधडू लागली. श्वास भराभर व तोकडा चालू झाला. टाकी हवेने भरलेली असूनही जीव गुदमरला. आम्ही आंगठा वर केला. शिकविणाऱ्या तरुणाने आमचा दंड धरला आणि सावकाश वर आणले. वर आल्यावर मग तो बोलला, "काका, हवा कमी नाही. तुम्ही श्वास घेताय, पण पुरता सोडत नाही. आधी सोडा. लांब सोडा. मग घ्या."

थोड्या वेळाने पुन्हा उतरलो. मनात आकडे मोजीत श्वास सोडू लागलो. भय गेले नव्हते, तेही आमच्याबरोबर खाली आले होते. पण आता ते आमचे धनी नव्हते. माशांचा एक थवा हाताशेजारून शांतपणे निघून गेला.

त्या रात्री तोच शास्त्रभाग उघडला आणि इतकी वर्षे शिकवूनही न दिसलेली गोष्ट दिसली. पेत्राने हाक मारताच प्रभूने प्रथम हात पुढे करून त्याला धरले. संशय का धरलास, हा प्रश्न त्यानंतरचा. प्रश्न झाला, पण बुडणाऱ्याला नव्हे, हाती धरलेल्याला.

हे वाचून आम्हांला एक मुलगा आठवला. नाताळच्या कार्यक्रमात तो पाठ केलेले वचन विसरला व व्यासपीठावर थरथर कापू लागला. आम्ही सर्वांदेखत विचारले, "प्रार्थना करून आला नव्हतास का?" त्यानंतर तो संडे स्कूलला आला नाही. आम्ही आधी प्रश्न केला आणि हात दिलाच नाही.

घरी परतल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो, समुद्रातली फजिती सांगितली व त्याची क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही रडलात काय?" आम्ही म्हटले, "थोडक्यात वाचलो, बाळ." तो हसला. आता तो येतो. वचन म्हणायला अजून उभा राहत नाही. आमच्या शेजारी बसतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, विश्वास म्हणजे नसते धाडस नव्हे. शिकविणारा बरोबर नसताना धरणात वा विहिरीत उतरू नये, हेही मुलांना सांगा. पण भय वाटणे म्हणजे विश्वास नसणे, असे त्यांना सांगू नका. भयाने कोंडलेला श्वास आधी सोडावा लागतो. हन्नेने देवापुढे आपले मन असेच मोकळे केले होते (1 शमुवेल 1). आणि आपल्या मंडळीत कोणी आंगठा वर केला, तर त्याला काय मिळते, हात की प्रश्न? या रविवारी वर्गात जाण्यापूर्वी हे स्वतःला विचारू या.

बुडणाऱ्याला धरणारा प्रभू आपले हात त्याच्यासारखे तत्पर करो. आमेन.