राजाच्या ताटामागचा तरुण



संयुत्तनिकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला ना नरकाचे भय घातले, ना उपास सांगितला. प्रमाणात जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते, एवढ्याच अर्थाची गाथा म्हटली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली. रोज जेवणाच्या वेळी म्हणायची, रोजचे शंभर कहापण घ्यायचे. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला.

उपदेश एकदाच झाला होता. राजा सुधारला तो रोजच्या आठवणीने. पण ताटामागे पगारी माणूस उभा करणे राजालाच परवडते. मग बाकीच्यांनी काय करावे?

अमेरिकेत 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 75 स्थूल प्रौढांना 26 आठवडे खाण्या-चालण्याच्या सवयी बदलण्याचे शिक्षण दिले. काहींना एकेकटे, काहींना गटात. कोणाला काय आवडते ते आधी विचारून ठेवले होते. गटातल्यांचे वजन सरासरी सुमारे 11 किलो उतरले, एकेकट्यांचे सुमारे 9. नवल हे, की ज्यांना एकटेच शिकायचे होते त्यांनाही गटच अधिक लाभला.

प्रयोग लहान होता, फरकही दोनच किलोंचा, हे मान्य. एकेकट्याला दिलेले मार्गदर्शन वाया जाते असेही नाही. तिथल्याच मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात असे मार्गदर्शक दिले होते, आणि 2002 च्या निष्कर्षांनुसार त्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले.

तरी आपल्याला काय आवडते, यावर फार विसंबू नये असे मला वाटते. लठ्ठ माणूस एकांत मागतो तो बहुधा लाजेपोटी. माझ्या वर्गातही फळ्यापाशी एकटा उभा केलेला मुलगा गप्प होतो. तोच बाकावरच्या चौघांत बसून उत्तर काढतो. गटात शेजारचाही या आठवड्यात घसरलेला दिसतो, आणि आपली चूक म्हणजे आपला नालायकपणा नव्हे हे न सांगता कळते.

मात्र चार माणसे जमली की गट झाला, असे नाही. ठरलेला वार हवा, खाल्लेल्याची वही हवी, टिंगल मुळीच नको. आणि ज्या आठवड्यात वजन वाढते, नेमका त्याच आठवड्यात माणूस येण्याचे टाळतो. त्या संध्याकाळी त्याच्या दारी कोण जाणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.