लोखंडी नांगर ते छत्तीस तासांचा वर्ग

1903 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिला. लोखंडी नांगर घातला तर जमिनीत विष भिनतं, अशी त्या काळी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ज्याची सगळी पुंजी त्या लोखंडात अडकली आहे, त्याला दोन वर्षं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

लक्ष्मणराव हे काही व्यापारी घराण्यातले नव्हते. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे रंगांधळेपणा आड आला, तेव्हा ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी केली. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले, भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींच्या दुकानात उभे राहिले. सायकलीतून कडबा कापायच्या यंत्राकडे, यंत्रातून नांगराकडे. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला 32 एकरांचा माळ देऊ केला. 1910 मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

ही कथा महाराष्ट्राने अनेकदा ऐकली आहे आणि ऐकून दरवेळी एकच निष्कर्ष काढला आहे: असा माणूस शतकात एखादा. धंदा रक्तात असावा लागतो, तो मारवाड्याला जमतो, गुजरात्याला जमतो, आपण आपली नोकरी बरी. या समजुतीने किती तरुणांचे पाय जागच्या जागी बांधून ठेवले, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. तिचा मुळातून विचार व्हायला हवा, कारण जगात इतरत्रही ती फार काळ मान्य होती आणि ती ढासळली कशी, याचा इतिहास उपलब्ध आहे.

अर्थशास्त्रात उद्योजकाला पहिल्यांदा नीट जागा दिली रिचर्ड कँटिलॉनने. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1755 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखी उद्योजक म्हणजे ठरलेला खर्च आज करून उद्याच्या न ठरलेल्या भावाला सामोरा जाणारा माणूस. त्यात त्याने शेतकरीही धरला: खंड ठरलेला, बाजारभाव मात्र देवाच्या हाती. म्हणजे सुरुवातीला ही कल्पना अगदी साध्या माणसांची होती. जोसेफ शुंपीटरने 1911 च्या ग्रंथात तिला उंचावर नेऊन बसवलं. नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ आणणारा तोच उद्योजक, आणि असे लोक विरळाच, असं त्याने मांडलं. विचार म्हणून ही मांडणी फार मोठी होती, पण तिच्यामुळे उद्योजक हा असामान्य माणूस ठरला आणि सामान्य माणूस प्रेक्षकांत गेला.

असामान्यपणा शिकवता येईल का, असा प्रश्न उचलला डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. त्याच्या मते उद्योगी माणसात कर्तृत्वाची एक विशिष्ट ओढ असते. असा माणूस अगदी सोपं काम टाळतो आणि निव्वळ नशिबावर सोडावं लागेल असंही टाळतो. प्रयत्न केला तर जमेल, नाही केला तर हुकेल, अशा अंतरावरचं लक्ष्य तो निवडतो. ही ओढ बाहेरून जागवता येते का, हे तपासायला त्याने जागा निवडली ती आंध्रातलं काकीनाडा. 1964 मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने तिथल्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी निवासी वर्ग झाले. दुकानदार, गिरणीवाले अशी ही माणसं. त्यांना हिशेब किंवा कायदा शिकवला नाही. चित्रं पाहून गोष्टी लिहायच्या, त्या गोष्टींतला माणूस स्वतःहून काही करतो की त्याच्या बाबतीत सगळं नुसतं घडतं, ते तपासायचं. मग स्वतःच्या धंद्यासाठी ठोस लक्ष्य ठरवायचं आणि ते सगळ्यांसमोर मांडायचं. नंतरच्या पाहणीत असं दिसलं, की वर्ग केलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त नवे उद्योग काढले, जास्त माणसं कामाला ठेवली. जात, परंपरागत श्रद्धा किंवा पाश्चात्त्य राहणी यांचा या फरकाशी संबंध आढळला नाही.

भारतात हे वाक्य ठळक अक्षरांत छापायला हवं होतं. प्रयोग लहान होता, त्याच्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. पण धंदा रक्तात असतो या म्हणण्याला याच मातीतून पहिलं उत्तर मिळालं होतं. त्याच वाटेने पुढे गुजरातेत उद्योजकता प्रशिक्षण उभं राहिलं. 1988 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालं.

अभ्यासकांची दिशाही बदलत गेली. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरने 1985 मध्ये उद्योजकता हा स्वभाव नसून सरावाने येणारी रीत आहे, असं मांडलं. उद्योजक मनातून कसा विचार करतो, हे मात्र सारस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेने फार जवळून पाहिलं. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना तिने मुरलेल्या 27 उद्योजकांपुढे एका काल्पनिक वस्तूचा धंदा ठेवला आणि निर्णय घेताना जे मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. बहुतेकांनी बाजाराचे अंदाज बाजूला ठेवले. ते विचारत होते: माझ्या हाताशी काय आहे? मी कुणाला ओळखतो? बुडालं तर किती बुडालेलं मला परवडेल? तिचा हा सिद्धांत 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. किर्लोस्करांचा प्रवास या प्रश्नांच्या उजेडात पुन्हा पाहावा. मास्तरकीत मिळवलेली यंत्रांची जाण हाताशी होती, भाऊ सोबत होता, संस्थानिकाशी ओळख होती. अचाट वाटणारी उडी प्रत्यक्षात हातातल्या सामानातून टाकलेली पावलं होती, आणि अशी पावलं इतरांनाही टाकता येतात.

यापुढचा धागा उद्योगाबाहेरचा आहे आणि व्यक्तिगत वाढीच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. जर्मनीच्या एकीकरणानंतर मानसशास्त्रज्ञ मायकेल फ्रेसे आणि त्याचे सहकारी पूर्व व पश्चिम जर्मनीतल्या नोकरदारांचा अभ्यास करत होते. कुणी न सांगता काम अंगावर घेण्याची वृत्ती पूर्वेकडे कमी दिसली. त्यांनी त्याचा संबंध जोडला तो कामाच्या स्वरूपाशी: ज्याला वर्षानुवर्षं स्वतःच्या कामात काही ठरवूच दिलं जात नाही, त्याचा पुढाकार आटतो. आपल्याकडच्या कचेऱ्या आणि शाळा, आणि सुनेला एकही निर्णय घेऊ न देणारी घरं यांना हे निदान तंतोतंत लागू पडतं.

याच अभ्यासातून पुढाकाराचं प्रशिक्षण तयार झालं आणि त्याची कसोटी लागली पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोची राजधानी लोमे इथे. 1500 छोटे धंदेवाले चिठ्ठ्या टाकून तीन गटांत विभागले. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला हिशेब आणि विक्रीचं नेहमीचं शिक्षण, तिसऱ्याला 36 तासांचा पुढाकाराचा वर्ग: शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय करता येईल ते शोधा, अडचण येण्याआधी तिची तयारी करा, अपयश आलं तरी नेट सोडू नका. पुढच्या अडीच वर्षांच्या पाहण्यांत तिसऱ्या गटाचा नफा काहीच न मिळालेल्या गटापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेला आढळला. दुसऱ्या गटात 11 टक्के वाढ दिसली, पण ती योगायोग नव्हे असं खात्रीने म्हणण्याइतकी नव्हती. 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. नेहमीच्या शिक्षणाचा बायकांना जवळजवळ काही उपयोग झाला नव्हता. पुढाकाराच्या वर्गातल्या बायकांचा नफा मात्र 40 टक्क्यांनी वाढला.

पुढाकाराने सगळं होत नाही, हेही इथेच नोंदवलं पाहिजे. औंधच्या राजाने माळ दिला नसता तर किर्लोस्करवाडी झाली असती का, हा प्रश्न खरा आहे. भांडवल, जमीन, वीज, रस्ता यांची जबाबदारी ‘मानसिकता बदला’ असं सांगून गरिबाच्या डोक्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

तरीही काकीनाडा आणि लोमे यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. महाराष्ट्रात उद्योजकता शिबिरं कमी नाहीत. त्यांतल्या अनेकांचा भर प्रकल्प अहवाल, अनुदान आणि कर्जाचे अर्ज यांवर असतो. हे आवश्यकच आहे, पण टोगोत जे फारसं उपयोगी ठरलं नाही तेही याच्याच जवळचं होतं. आयटीआय, तंत्रनिकेतनं आणि बचतगटांच्या शिबिरांत पुढाकाराच्या सरावाला हिशेबाइतकेच तास द्यावेत. आणि शिबिराचं यश वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून न मोजता, वर्षभराने प्रत्येकाच्या दुकानात, शेतात, कचेरीत जाऊन त्याने स्वतःहून काय नवं सुरू केलं, ते लिहून घ्यावं.