नेक्स्ट फ्रायडे

‘परवाची पेटी’ म्हणजे कुठली? देवगडात आंब्याच्या दिवसांत हा प्रश्न रोज पडतो. परवा भरलेली, की परवा जायची? मराठीत ‘परवा’ दोन्हीकडे तोंड करून बसतो, ‘तेरवा’ही तसाच. आजपासून किती दिवस लांब एवढंच तो सांगतो. मागे की पुढे, ते क्रियापदाला विचारायचं. ‘परवा गेली’, ‘परवा जाईल’. क्रियापद नसलं की मात्र गोंधळ. तरी आपल्याकडे काल आणि उद्या निदान वेगळे आहेत, हिंदीने तेही ‘कल’मध्ये एकत्र कोंबले.

इंग्रजीत असा घोळ नसावा, अशी माझी शाळेपासूनची समजूत. त्यांच्याकडे परवासाठी एकेकाळी ‘ओव्हरमॉरो’ हा सुटसुटीत शब्द होता. तो वापरातून गेला आणि आता ‘द डे आफ्टर टुमारो’ असं लांबलचक म्हणावं लागतं. पण लांब असलं तरी एकाच दिशेचं. ही समजूत एका पेटीने मोडली.

पुण्याच्या एका बाईंचा सोमवारी फोन आला. ‘‘दादा, नेक्स्ट फ्रायडेला तयार आंबा हातात पडायला हवा. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे.’’ मी ‘‘हो, पोचेल’’ म्हणालो. आढीत त्या वेळी तयार फळ भरपूर होतं, चार दिवसांत गेलं नसतं तर मातीमोल झालं असतं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, पेटी त्यांच्या दारात पोचली. दाराला कुलूप. घरचे सगळे कोल्हापूरला. त्यांचा शुक्रवार त्याच्या पुढचा होता. वॉचमनच्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात पेटी आठवडाभर राहिली आणि आंबा उतरला. श्राद्धाच्या पानावर बाजारातून आणलेलं फळ ठेवावं लागलं. सासऱ्यांना देवगडचाच लागायचा, हे त्यांनी नंतर सांगितलं. रागाने नाही, सहज.

मी शब्दकोश काढला. ‘नेक्स्ट’चा मूळ अर्थ सर्वांत जवळचा. म्हणजे मीच बरोबर! पण इंग्रजी बोलणाऱ्यांतही यावरून वाद होतात: जवळच्या शुक्रवारला ‘धिस’ म्हणणारे ‘नेक्स्ट’ त्याच्या पुढच्यासाठी राखून ठेवतात. ब्रिटिशांत ‘फ्रायडे वीक’ अशी एक सोय आहे, शुक्रवार आणि वर एक आठवडा. आपलं ‘पुढच्या शुक्रवारी’ही तितकंच निसरडं आहे, ‘येत्या’ म्हटलं तर निभावतं. त्यामुळे भाषेला दोष द्यायचा तर दोन्ही भाषांना द्यावा लागेल. खरं तर बाईंनी पंचांगातली तिथी सांगितली असती तर प्रश्नच नव्हता. वैशाख शुद्ध पंचमीला ‘नेक्स्ट’ नसतं.

विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने 1785 साली नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात नेमका हाच प्रश्न घेतला आहे: शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर वचन कुठल्या अर्थाने पाळायचं? त्याचं उदाहरण तैमूरचं. शरण आलात तर रक्त सांडणार नाही, असं त्याने एका शहरातल्या शिबंदीला सांगितलं. ते शरण आले आणि त्याने त्यांना जिवंत पुरलं. रक्ताचा थेंब सांडला नाही. पेली म्हणतो, बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ धरायचा नाही. ऐकणाऱ्याने जो अर्थ घेतला असं वचन देताना बोलणाऱ्याला वाटत होतं, तो अर्थ धरायचा. शब्दकोश तैमूरच्याही बाजूने होताच.

पेटीची तुलना तैमूरशी करणं जरा जास्तच होतं, मान्य. पण पेलीच्या नियमात मला सुटायला एक फट दिसली आणि तिचंच मला वाईट वाटतं. बाईंनी कुठला अर्थ घेतला, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मग मी नियमानुसार निर्दोष? ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण उत्तर ‘त्याच्या पुढचा’ असं आलं असतं तर आढीतलं तयार फळ अंगावर पडलं असतं. शंका आली होती. अर्धा क्षण, पण आली होती. ‘‘म्हणजे कितव्या तारखेचा?’’ एवढंच विचारायचं होतं. स्वतःला सोयीचं अज्ञान जपून ठेवणारा माणूस ऐकणाऱ्याच्या अर्थाला बांधील आहे की नाही, यावर पेली मला तरी पुरत नाही. मला वाटतं, आहे. जाणून फसवणाऱ्याइतका नसेल, पण आहे.

मी दुसरी पेटी पाठवली, पैसे घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुमची काय चूक? इंग्रजीच तसं.’’ मी ‘‘हो ना’’ म्हणालो. हे ‘हो ना’ दुसऱ्या पेटीने फिटलेलं नाही.

आता फोनवर तारीख आणि वार दोन्ही विचारतो. गिऱ्हाइकं कधी वैतागतात. काढणीला येणारे आमचे आबा मात्र निघताना आजही ‘‘फाल्या येतंय’’ म्हणतात आणि त्यांचा ‘फाल्या’ कधी उद्या असतो, कधी परवा. त्यांना मी तारीख विचारत नाही. गुडघा कसा आहे, एवढं विचारतो.