झोपेतलं अर्धं मिनिट

रात्री मुलगी ओरडत उठते. पाय सायकल मारल्यासारखे हलतात, हात गादीवर आपटतात, डोळे उघडे. अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं आणि ती लगेच नीट बोलू लागते. घरात कुणी म्हणतं घाबरली, कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी म्हणतं नाटक करते.

मेंदूच्या ललाटखंडातून, म्हणजे कपाळामागच्या भागातून, उठणारी फीट अनेकदा अशीच दिसते. पण फीट म्हटलं की आपल्याला तोंडाला फेस आणि दातखीळच आठवते. शुद्धीवर असलेल्या माणसाला फीट आली होती, हे चटकन पटत नाही.

ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, पुष्कळदा कोरा येतो. ललाटखंडाचा मोठा भाग मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या फटीत आणि डोळ्यांच्या वर दडलेला असतो. तिथली खळबळ डोक्यावर चिकटवलेल्या तारांपर्यंत पोचत नाही. पोचलीच, तर झाडल्या जाणाऱ्या हातापायांच्या स्नायूलहरींत बुडून जाते. कोऱ्या कागदावरून माणसाला खोटं ठरवू नये.

सोंग दर वेळी थोडं बदलतं. फीट सहसा बदलत नाही: आधी तोच हात, तीच ओरड, तेवढाच वेळ. म्हणून आईने मोबाइलवर घेतलेले दोन-तीन व्हिडिओ डॉक्टरांना फार मोलाचे.

नीट निवडलेली दोन औषधं नियमित घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तिसऱ्याने थांबण्याची आशा थोडीच. तरीही गोळ्या बदलण्यात वर्षं जातात. शाळा सुटते, लग्न मोडतं, मग फीट उठते तो मेंदूचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी होते. शेवटचा उपाय म्हणून तिला इतकं मागे ढकलणं मला अन्याय वाटतो.

अर्थात, खात्री तीही देत नाही. ललाटखंडावरच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट्स थांबतात. एमआरआयमध्ये दोष स्पष्ट दिसला तर आशा वाढते. दिसला नाही, तर कवटीला बारीक छिद्रं पाडून तारा खोल सोडायच्या आणि फीट कुठून उठते हे कळण्यासाठी ती येण्याची वाट पाहायची. पॅरिसच्या तालेराक आणि बाँको या डॉक्टरांनी उभी केलेली ही पद्धत. एरवी जिला टाळायचं, तिचीच इथे वाट पाहावी लागते.

आणि काढायचं किती? १९२८मध्ये माँट्रिअलला मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या, मेंदूतल्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. तिला अनेक वर्षं फिट्स येत होत्या. गाठीबरोबर उजव्या ललाटखंडाचा बराच भाग गेला. पुढे तिने एकदा पाहुण्यांसह घरच्यांना जेवायला बोलावलं. सामान सगळं आणलेलं, एक-दोन पदार्थ शेगडीवर. सॅलड तयार नाही, मांस शिजायला टाकलेलं नाही, आणि ती गोंधळून उभी. स्वयंपाक ती विसरली नव्हती. आधी काय, मग काय, हे तिला एकटीने जुळवता येईना. पेनफिल्डनी हे लपवलं नाही, १९३५च्या शोधनिबंधात लिहिलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा विशेष आदर आहे.

म्हणून संमतिपत्रावरच्या सहीआधीच्या बोलण्यात फिट्सच्या आकड्यांइतकंच रोजच्या कामाबद्दल विचारलं गेलं पाहिजे: घर कोण चालवतं, हिशेब कोण ठेवतं. ललाटखंडाच्या आतल्या बाजूचा, हालचालींची जुळणी करणारा भाग काढायचा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर वाचा जाऊ शकते, एक बाजू हलेनाशी होऊ शकते, आणि बहुतेकांचं हे काही आठवड्यांत भरून येतं. हे नातेवाइकांना आदल्या दिवशीच, सावकाश, दोनदा सांगावं.