परत केलेला विजय

वाटेंत सांपडलेली पैशांची पिशवी तिच्या धन्यास नेऊन द्यावी, हें आपण मुलांस लहानपणींच शिकवितों. तेथें शंकेस जागा नसते. पिशवी कोणाची हें ठरलें कीं कर्तव्यहि ठरतें. परंतु विजय हा पिशवीसारखा पदार्थ नव्हे. तो नियमांतून जन्मास येतो आणि पंचाच्या शब्दानें सिद्ध होतो. मग पंचाच्याच चुकीनें मिळालेला, तरीहि नियमांप्रमाणें कायम झालेला विजय आपला म्हणावा कीं परक्याचा? हा प्रश्न अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठासमोर १९४० सालीं उभा राहिला, आणि तोहि एका खेळाच्या निमित्तानें.

अमेरिकन फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलाहून अगदीं निराळा आहे. त्यांत लंबगोल चेंडू हातीं धरून धांवतात किंवा आपल्या गड्याकडे फेंकतात. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यास दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार प्रयत्न मिळतात; तेवढ्यांत तें न साधलें तर चेंडू प्रतिपक्षास द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू पोंचविल्यास सहा गुण, आणि त्यानंतरची लाथ साधल्यास आणखी एक. चार प्रयत्नांची ही मर्यादा म्हणजे त्या खेळाचा कणाच होय.

त्या वर्षीं कॉर्नेलचा संघ ऐन भरांत होता. मागील हंगामांतील सर्व सामने त्यानें जिंकले होते, आणि चालू हंगामांतहि पहिले सहा सामने जिंकून कांहीं आठवडे तो देशाच्या क्रमवारींत अग्रस्थानीं होता. १६ नोव्हेंबर १९४० रोजीं हॅनोव्हर गांवीं त्याची गांठ डार्टमथ कॉलेजाशीं पडली. डार्टमथचा संघ दुबळा समजला जात होता; पण सामना संपावयास एक मिनिटहि उरलें नसतां तो ३-० असा पुढें होता. कॉर्नेलचे गडी गोलरेषेजवळ येऊन ठेपले. तीन वेळां धांवून पाहिलें, रेषा ओलांडतां आली नाहीं. चौथ्या प्रयत्नांत फेंकलेला चेंडूहि वायां गेला. नियमानें खेळ तेथेंच संपला होता. परंतु त्या गोंधळांत मुख्य पंच रेड फ्रीसेल यांची मोजणी चुकली आणि त्यांनीं कॉर्नेलला आणखी एक प्रयत्न दिला. शेवटच्या कांहीं सेकंदांत त्या पांचव्या प्रयत्नावर कॉर्नेलनें रेषा ओलांडली, आणि सामना ७-३ असा जिंकल्याचें जाहीर झालें.

सामन्याच्या चित्रफिती नंतर पाहण्यांत आल्या, तेव्हां चूक निर्विवाद ठरली. फ्रीसेल यांनीं ती मोकळ्या मनानें कबूल केली. परंतु निकाल बदलण्याचा अधिकार त्यांसहि नव्हता व त्यांच्या वरिष्ठांसहि नव्हता. खेळ संपतांच पंचाची सत्ता संपते. कॉर्नेलचे अध्यक्ष एडमंड डे आणि त्यांचे सहकारी यांनीं डार्टमथला तार करून त्या विजयावरील आपला हक्क सोडला. डार्टमथनें तो स्वीकारला, आणि सामना ३-० असा नोंदला गेला.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. प्रत्येक सामन्यांत पंच दहा चुका करितो. कांहीं आपल्या लाभाच्या, कांहीं तोट्याच्या. त्यांतील एकच वेंचून काढून दुरुस्त करणें हा न्याय कसा? आक्षेप वजनदार आहे, पण तो येथें लागू पडत नाहीं. मध्येंच झालेल्या चुकीनें पुढें काय घडलें असतें हें कोणासच सांगतां येत नाहीं. येथें मात्र चूक दूर केली कीं निकाल आपोआप हातीं येत होता. कॉर्नेलचे चारहि प्रयत्न खरे होते, मनःपूर्वक केलेले होते, आणि ते फसले होते.

याच्या उलट उदाहरण पन्नास वर्षांनीं घडलें. ६ ऑक्टोबर १९९० रोजीं कोलोरॅडो विद्यापीठानें मिसूरीविरुद्ध अशाच पांचव्या प्रयत्नावर ३३-३१ असा विजय मिळविला, आणि तो परत केला नाहीं. हंगामाच्या अखेरीस देशाच्या अग्रस्थानाचा मान एका क्रमवारीनें कोलोरॅडोला व दुसरीनें जॉर्जिया टेकला दिला. कोलोरॅडोचीहि एक बाजू आहे. आपला तिसराच प्रयत्न चालू आहे अशा समजुतीनें त्यांनीं घड्याळ थांबविण्यासाठीं चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला होता. तो चौथा आहे हें ठाऊक असतें तर त्यांनीं तो वायां घालविला नसता. तथापि 'आम्ही जिंकलों असतों' आणि 'आम्ही जिंकलों' यांत जें अंतर आहे, तें कोणत्याहि समजुतीनें भरून निघत नाहीं.

अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयीं अर्धसत्य बोलतांच धर्मराजाचा रथ जमिनीला टेंकला, अशी कथा आपण ऐकतों. तेथें धर्मराज स्वतः बोलला होता. कॉर्नेलच्या तरुणांनीं तर कांहींच अपराध केला नव्हता. म्हणूनच हा प्रसंग मला अधिक कठीण वाटतो. स्वतःच्या पापाचें प्रायश्चित्त समजण्यासारखें आहे. दुसऱ्याच्या चुकीनें झालेला आपला लाभ टाकणें हें त्याहून अवघड. शिवाय घाम गाळला विद्यार्थ्यांनीं आणि त्याग ठरविला वडील मंडळींनीं, हेंहि विसरतां येत नाहीं. परंतु ज्यांच्यावर शिकविण्याची जबाबदारी आहे त्यांनीं ती ऐन वेळीं विद्यार्थ्यांवर ढकलली असती, तर तें अधिक गैर झालें असतें.

या सदाचरणाचें बक्षीस कॉर्नेलला मिळालें असें म्हणावें, तर तसेंहि घडलें नाहीं. पुढच्याच शनिवारीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठानें त्यांस २२-२० असें हरविलें. अपराजित राहील असें वाटलेला तो हंगाम सहा जय व दोन पराजय एवढ्यावर संपला. त्यांतील एक पराजय प्रतिपक्षानें केलेला आहे. दुसरा कॉर्नेलनें आपल्या हातानें लिहून दिलेला आहे. त्या हंगामांतील सहाहि जय आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेले. स्मरणांत राहिला तो हा दुसरा पराजय. पण स्मरणांत राहील म्हणून तो पत्करलेला नव्हता. जें आपलें नाहीं तें आपल्याजवळ ठेवूं नये, एवढ्या साध्या कारणासाठीं तो पत्करला होता. आणि कोणी न मागतां, कोणी भाग पाडीत नसतां पत्करला होता.