‘विलीन’ शब्दाचा विचार

मनुष्य निवर्तला की ‘अमुक गृहस्थ अनंतात विलीन झाले’ असे लिहिण्याची लोकरीत आहे. उपदेशी कुटुंबांच्या पत्रांतही हे शब्द नकळत शिरतात. शब्द आदराचे खरे. पण त्यांतून जिवाविषयी कोणता सिद्धांत ध्वनित होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

विलीन होणे सर्वत्र सारखे नसते. मीठ पाण्यात विरघळून दिसेनासे होते. पाणी आटविले की तेच मीठ तळाशी उरते. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीस मिळते; पुढे तिचे नाव राहत नाही, पाणी मात्र वाहतच असते. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; राजसत्ता संपली, नगर व प्रजा जागच्या जागी राहिली. व्याकरणात ‘महा’ आणि ‘अनुभाव’ यांचा संधी होऊन ‘महानुभाव’ पद सिद्ध होते. दोन स्वरांच्या ठिकाणी एकच दीर्घ स्वर येतो, तरी विग्रह करताच दोन्ही पदे वेगळी ओळखू येतात. तात्पर्य, कोठे रूप लपते, कोठे नाव जाते, कोठे अधिकार संपतो. या सर्वांना शब्द एकच, म्हणून घोटाळा होतो.

आता प्रस्तुत विषय. देह पंचमहाभूतांचा, तो भूतांत मिळतो, हे म्हणणे योग्यच. परंतु जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या तत्त्वज्ञानाचा पाया आहे. देहासवे जीव नाहीसा होत नाही. त्याचे कर्मही चुकत नाही.

येथे शंका अशी की, मोक्षात तरी जीव परमेश्वरात विरून जात असेल. समाधान असे की, तो विरला तर आनंद कोणी भोगावा? अविद्येचा बंध तुटतो, जीव तुटत नाही. तो जीवच राहून ईश्वरस्वरूपाचा आनंद अनुभवतो.

मग साधकाचे काहीच विरू नये काय? ‘मी’पणाचा अभिमान अवश्य विरावा, असतीपरीचे मर्म तेच. मरणाने सारे मिटते, हे सांत्वन खोटे आहे. म्हणून शोकपत्रात ‘देहावसान झाले’ एवढेच लिहावे, आणि जे विरायला हवे ते स्मरणाच्या बळावर देह असतानाच विरवावे.